माशांची घडवंची

मुलांनो, आज आधी एक कोडं घालतो. तुमच्या वर्गातलं गुरुजींचं टेबल डोळ्यांपुढे आणा. त्या टेबलावर चौथीतली पंचवीस मुलं एकदम चढली तर काय होईल? आणि चढली ती उतरलीच नाहीत तर? शाळा सुटली, दिवाळीची सुट्टी लागली, पावसाळा आला नि गेला, तरी पंचवीसच्या पंचवीस मुलं तिथंच उभी!

माझ्या वर्गात मी हे विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "गुरुजी, टेबल 'आई गं' म्हणेल." मागच्या बाकावरून दुसरा आवाज आला, "टेबल मोडेल, आणि चिठ्ठी आमच्या घरी जाईल!" सगळा वर्ग हसला. पण मी काही थट्टा करत नव्हतो. मला खरोखरच तसलं टेबल हवं होतं.

त्याचं असं झालं. माझा धाकटा भाऊ मुंबईला असतो. त्याला माशांचं वेड लहानपणापासूनचं. आम्ही दोघं शाळेत असताना बाबांनी आम्हांला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. मी काचेला नाक लावत एकेका पेटीपुढून सरकत गेलो. हा पठ्ठ्या मात्र समुद्रातल्या रंगीत माशांच्या पेटीसमोर जो उभा राहिला, तो बाबांनी हात धरून ओढेपर्यंत हललाच नाही. आता तो मोठा झाला, नोकरीला लागला, पण वेड काही गेलं नाही. मुंबईत एक माशांचं दुकान बंद होत होतं, तिथली एक मोठी थोरली काचेची पेटी त्यानं विकत घेतली. स्वतःच्या खोलीत जागा कुठली! मग टेम्पोत गाद्यांमध्ये गुंडाळून ती आली थेट कोकणात, आमच्या घरी.

"दादा, यात समुद्र करायचा," तो म्हणाला. "गोड्या पाण्याचे मासे नकोत. खारं पाणी, खडक, कपारी, सगळं हवं!"

माझ्या लेकीनं तर टाळ्याच पिटल्या. चारजणांनी मिळून पेटी पडवीत उतरवली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काच १२ मिलिमीटर जाड. भाऊ इकडंतिकडं बघायला लागला. कोपऱ्यात माझं जुनं अभ्यासाचं टेबल होतं. "हे आहे की! यावर ठेवू."

मी म्हटलं, "थांब जरा. आधी वजन काढू."

दुसऱ्या दिवशी तेच गणित मी फळ्यावर मांडलं. तुम्हीही वही काढा, सोपं आहे. पेटी साधारण १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. तिघांचा गुणाकार ४,३२,००० घन सेंटीमीटर. १,००० घन सेंटीमीटर म्हणजे १ लिटर. म्हणजे काठोकाठ भरली तर पेटीत ४३२ लिटर पाणी. काचेची जाडी वजा केली तर थोडं कमी भरेल, पण वजनाच्या हिशेबात आपला अंदाज जास्त झाला तर चालतो, कमी पडून चालत नाही.

१ लिटर साधं पाणी १ किलो. समुद्राचं पाणी थोडं जड. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्याचं वजन भरतं साधारण १ किलो २५ ग्रॅम. (लगेच एक हात वर झाला : "गुरुजी, मग १ किलो ३५ ग्रॅम का नाही?" शाबास! मीठसुद्धा थोडी जागा घेतं. त्यामुळे लिटरच्या मापात पाणी जरासं कमी मावतं.) तर ४३२ लिटर खाऱ्या पाण्याचे झाले ४४३ किलो. काचेचं वजनही क्षेत्रफळावरून काढता येतं. तळ आणि चार बाजू मिळून २८,८०० चौरस सेंटीमीटर, जाडी १.२ सेंटीमीटर. एक घन सेंटीमीटर काच अडीच ग्रॅमची. उत्तर आलं ८६ किलो. रिकामी पेटी उतरवताना चारजणांना घाम का फुटला, ते तेव्हा कळलं.

राहिले वाळू आणि दगड. त्यांचे ९० किलो धरले. वरचं झाकण, दिवा वगैरे मिळून एकंदर बेरीज आली ६२५ च्या आसपास. चौथीतलं मूल साधारण २५ किलोंचं. पंचवीस पंचे... नव्हे, पंचवीस गुणिले पंचवीस किती? बरोब्बर ६२५! म्हणून ते कोडं.

दगडांवरून आमच्या घरात एक वाद झाला, तोही सांगतो. लेकीनं पेटीचं चित्र काढलं होतं. त्यात निळे-पिवळे मासे आणि त्यांच्यामागं लाल, जांभळं, केशरी प्रवाळ. "काका, हे सगळं आणायचं हं!" प्रवाळ दिसतात दगडासारखे किंवा झाडासारखे, पण असतात प्राणी. इवल्या इवल्या प्राण्यांची मोठी वसाहत. त्यांचे खडक तयार व्हायला शेकडो, हजारो वर्षं लागतात. आपल्या देशात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, कच्छचं आखात आणि मन्नारचं आखात ही त्यांची मोठी ठिकाणं. आपल्या मालवणच्या समुद्रातही थोडे आहेत. २००१ सालापासून आपल्याकडं खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्याच रांगेत बसवलेलं आहे. पहिल्या अनुसूचीत. म्हणजे घरात वाघ पाळता येत नाही, तसे समुद्रातून ते काढून पेटीतही ठेवता येत नाहीत. लेक दोन दिवस फुगून बसली. मग काकानं तिला सांगितलं, की साधे सच्छिद्र दगड रचून कपारी करू, आणि विदूषक मासे आणू. पांढरे पट्टे असलेले ते केशरी मासे आता टाक्यांमध्ये वाढवता येतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं आहे. म्हणजे समुद्रातून पकडून आणायला नकोत. चित्रातले मासे राहिले, मागचे प्रवाळ तिनं खोडरबरानं पुसले. पुसताना कागद जरा फाटलाच.

आता प्रश्न असा, की हे ६२५ किलो ठेवायचे कुठं? भावाला पेटी माडीवर हवी होती, त्याच्या खोलीत. आमचं घर जुनं. माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकलेली. आणि त्या खोलीच्या बरोब्बर खाली आईची खाट. मी भावाला हात धरून खाली नेलं, खाटेवर आडवं व्हायला सांगितलं, आणि म्हटलं, "आता वर बघ." तो वर बघत राहिला. मग काही न बोलता उठला. माडीचा विषय तिथंच संपला.

इथं पालकांशी दोन शब्द. इमारतीत राहणाऱ्यांनी आपली सिमेंटची जमीन म्हणजे काही डोंगर आहे असं समजू नये. राहत्या खोलीची जमीन बांधताना माणसं, सामानसुमान यांचा भार साधारण चौरस मीटरला २०० किलो धरतात. आमची पेटी जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेत सव्वासहाशे किलो ठेवते. असा भार आजूबाजूला थोडा वाटला जातो, त्यामुळे जमीन लगेच कोसळेल असं नव्हे. पण मोठी पेटी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ, भिंतीला धरून ठेवावी, आणि त्याआधी जाणत्या इंजिनिअरला घर दाखवावं. पाच मिनिटांचं काम, पण आपल्याबरोबर खालच्या मजल्यावरच्यांचाही प्रश्न असतो.

आम्ही ओटीवरची जागा ठरवली. आतल्या जांभ्या दगडाच्या भिंतीजवळ. तिथं ऊन येत नाही. ऊन आलं की पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

जागा ठरली, आता टेबल. मी वहीत चित्रं काढत बसलो होतो. आई शेजारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? घडवंची कर."

घडवंची तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? पूर्वी घरात नळ नव्हते. विहिरीवरून पाणी आणायचं आणि तांब्या-पितळेच्या हंड्यांत भरून ठेवायचं. ते हंडे-कळशा ठेवायची लाकडी बैठक म्हणजे घडवंची. आमची अजून आहे, न्हाणीघराबाहेर. मी जाऊन ती उलटी करून पाहिली. खिळा नावालासुद्धा नाही! वरची आडवी लाकडं थेट पायांच्या माथ्यावर टेकलेली. हंड्याचं वजन लाकडातून लाकडात, तिथून जमिनीत.

म्हणजे काय? असं बघा. तुमचं जड दप्तर खुंटीला अडकवलं, तर सगळं वजन त्या एका खुंटीवर. खुंटी सैल झाली की दप्तर खाली. तेच दप्तर बाकावर ठेवलं तर? पडायचा प्रश्नच नाही. पुष्कळ टेबलांत वरच्या पट्ट्या पायांना बाजूनं स्क्रूनं जोडलेल्या असतात. म्हणजे सगळा भार स्क्रूंच्या खुंट्यांवर. लिहायच्या टेबलाला ते चालतं. पंचवीस मुलांना नाही चालत. गावातल्या सुतारकाकांना चित्र दाखवलं, तर त्यांनी एका वाक्यात निकाल दिला : "गुरुजी, खिळा धरून ठेवतो, तोलत नाही."

आमचा जुना गोठा पाडला तेव्हाचे सागवानी वासे माळ्यावर पडून होते. काकांनी एकेक वासा वाजवून, टोकरून पाहिला. वाळवी लागलेले दोन बाजूला काढले. बाकीचे उत्तम. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, ते आता वाकायचं-पिळायचं नाही. तीन इंच बाय तीन इंचाचे सहा पाय काढायचे ठरले. चार कोपऱ्यांना चार आणि लांबीच्या मधोमध पुढं-मागं एकेक. म्हणजे एका पायावर साधारण १०४ किलो. उभ्या लाकडाला ते काहीच नाही. तुम्ही करून पाहा : वहीच्या कागदाच्या चार सुरळ्या करा, दोरा बांधा, उभ्या ठेवा आणि वर अलगद वह्या रचा. कागद किती वह्या तोलतो, ते बघून थक्क व्हाल.

पण सुरळ्यांवरच्या वह्या बोटानं जराशा बाजूला ढकला. धाडकन पडतील! उभा भार आमची घडवंची पेलेल, पण कुणी बाजूनं धक्का दिला तर? आमच्या घरी पाहुण्यांची लहान मुलं येतात, ओटीवर पकडापकडी चालते. मला सगळ्यात जास्त काळजी होती ती हीच. पाणी असंही स्वस्थ बसत नाही. भरलेल्या पेटीच्या पुढच्या लांब काचेला ते आतून दोनशे किलोंहून जास्त जोरानं रेटत असतं. ती काच फुटली, तर समोर कोण उभं असेल?

याचं उत्तर काडेपेटीत आहे. काडेपेटीचं बाहेरचं रिकामं कवच घ्या आणि बाजूनं दाबा. चौकोन कलतो आणि चपटा होतो. आता आतला खण बसवून दाबा. हलत नाही! खणाचं टोक कवचाला कलू देत नाही. तसंच आमच्या घडवंचीला मागच्या अख्ख्या बाजूला आणि उजव्या बाजूला १८ मिलिमीटरची मरीन प्लायची फळी ठोकायची ठरली. मरीन प्लाय पाण्यात टिकतो. भुशाच्या दाबलेल्या फळ्या दिसायला छान, पण पाणी लागलं की पावासारख्या फुगतात. डाव्या बाजूला मात्र पूर्ण फळी नाही, फक्त वरच्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे. का, ते पुढं येईलच.

उंची किती ठेवायची यावर तर घरात निवडणूकच झाली. भावाला दुकानासारखी उंच पेटी हवी होती. लेकीला तिच्या डोळ्यांपुढं. मग आम्ही टेप घेतली आणि सगळ्यांचे डोळे मोजले! लेक उभी राहिली की तिचा डोळा जमिनीपासून ११८ सेंटीमीटरवर. आई खुर्चीत बसली की ११०. भावाचा डोळा दीड मीटरच्याही वर, पण तो वाकू शकतो आणि वर्षातून चार वेळा येतो. घडवंची ७५ सेंटीमीटरची ठरली. पेटी त्यावर ७५ पासून १३५ पर्यंत, म्हणजे आई आणि लेक दोघींच्या डोळ्यांसमोर खडक. शिवाय बुटकी बैठक उंच बैठकीपेक्षा सहसा कलंडत नाही, हा आणखी एक फायदा.

पण उंची ठरवताना आणखी एक पाहुणा विसरून चालत नाही. खालची टाकी! खाऱ्या पाण्याच्या मोठ्या पेटीचं पाणी एका नळीतून खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हे चक्र दिवसरात्र चालू. आता सांगा, वीज गेली तर? पंप बंद पडेल, पण वरचं पाणी नळीच्या तोंडाच्या पातळीपर्यंत खाली येतच राहील. वर पातळी फक्त २ सेंटीमीटर उतरली, तरी १२० गुणिले ६० गुणिले २, म्हणजे १४ लिटरांहून जास्त पाणी खाली! खालची टाकी आधीच भरलेली असेल तर ते ओटीवर. आणि आमच्या गावात पावसाळ्यात वीज जाणं म्हणजे रोजचंच. म्हणून खालच्या टाकीत २० लिटरांची जागा कायम मोकळी ठेवायची, अशी खूण लेकीनं लाल रंगानं केली आहे.

ती टाकी ७५ सेंटीमीटर लांब. पुढं मधला पाय असल्यामुळं दोन पायांमधली जागा उरते ४८ सेंटीमीटर. समोरून ती आत जाणारच नाही. हे आम्ही कागदावरच पाहिलं, म्हणून बरं. बाजूनं मात्र ४५ सेंटीमीटरची वाट आहे आणि टाकीची रुंदी ३५. म्हणून डावी बाजू उघडी!

विजेचा बोर्ड पेटीच्या खाली नको, बाजूला आणि उंचावर. वायर बोर्डात जाण्याआधी तिला खाली झोका द्यायचा, म्हणजे ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी येऊन टपकतो, बोर्डात शिरत नाही. घरात ई.एल.सी.बी. बसवून घेतला आहे. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे. लोखंडाला खारी हवा वर्षभरात खाते, हे कोकणात सांगायला नको.

जोडणी चार दिवसांत झाली. सगळ्यात मजा आली ती पातळी बघताना. सुतारकाकांनी पाणसळ ठेवलीच, पण मुलांना दाखवायला त्यांनी गवंड्याची जुनी युक्तीही केली. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक एका कोपऱ्याशी, दुसरं दुसऱ्याशी. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला राहतं, मध्ये नळी कितीही वळवा. ओटीची फरशी पुढच्या बाजूला ३ सूत उतरती निघाली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ १ सेंटीमीटरचा उतार! डोळ्यांना तो कधीच दिसला नव्हता. काकांनी पाचरी ठोकल्या नाहीत. पुढच्या बाजूची खालची तुळई तेवढी जाड ठेवली, म्हणजे ती लांबीभर जमिनीला टेकली. काच वाकत नाही, तडकते. म्हणून पेटीखाली लाकडावर थर्माकोलचा पातळ ताव घातला. बारीकसारीक उंचसखल तो पोटात घेतो.

मग पेटी वर चढली, आणि आम्ही आधी साधं विहिरीचं पाणी भरलं. मासे नाहीत, मीठ नाही. आठ दिवस नुसती परीक्षा. खाली वर्तमानपत्रं पसरली. काचेवर पाण्याच्या रेषेशी लेकीनं पेन्सिलनं खूण केली. चारही कोपऱ्यांत रेष काठापासून सारख्या अंतरावर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक धावत आली. "बाबा, पाणी कमी झालं! गळतंय!" खरंच, रेष ४ मिलिमीटर खाली गेली होती. माझ्याही पोटात गोळा आला. वर्तमानपत्रं कोरडी होती, पण थर्माकोलमध्ये किंवा लाकडात पाणी मुरत असेल तर? मग आम्ही उभ्या कडांचं एक पातेलं पाण्यानं भरलं, पेटीशेजारी ठेवलं आणि दोन्हींवर नव्या खुणा केल्या. आणखी तीन दिवसांनी पाहिलं. पेटीतलं पाणी ६ मिलिमीटर उतरलं होतं. आणि पातेल्यातलं? तेही ६! पातेलं काही गळत नव्हतं. पाणी हवेत जात होतं. मीठ घातल्यावरही असंच होईल, फक्त मीठ मागं राहील, म्हणून रोज भर घालायची ती साध्या पाण्याची.

आता शनिवारी भाऊ येतोय. ४०० लिटर पाण्याला लिटरमागं ३५ ग्रॅम धरून १४ किलो मीठ लागेल. तेही स्वयंपाकाचं नव्हे, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं खास मीठ. आकडा ऐकून आई ओटीवरच थबकली. "चौदा किलो? अरे, गावजेवणाच्या लोणच्याला लागलं नाही रे एवढं!"